यात काय हाय?

आत्याबाई, दिवाळीच्या आधी एका सकाळी तुमच्या मुलाने माझ्या हातच्या वरणाचा एक घास घेतला आणि विचारलं, "यात काय घातलंय?" मी म्हटलं, "हिंग, हळद, गूळ. रोजचंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला त्या बाईकडे बघावं तसं नाही, तर दारात आलेला कुरिअरवाला खरंच कुरिअरवालाच आहे ना, हे बघावं तसं. मग त्यांनी वाटी दोन बोटांनी हळूच लांब सारली. आत्याबाई, ती दोन बोटं तुमची होती. अंगठा आत मुडपून, पहिल्या दोन बोटांनी वाटी अशी लांब सारायची तुमचीच सवय. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या वरणात खरंच काही नव्हतं. हे 'खरंच' मी मुद्दाम लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. सासूला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. लिहिली असती तरी तुम्ही ती वन्संकडून वाचून घेतली असती आणि वन्संनी वाचता वाचता स्वतःच्या चार ओळी घुसडल्या असत्या. पण जे सांगायचं आहे ते ऐकायला तुमच्याखेरीज दुसरं माणूस मला सुचत नाही, म्हणून रावेतच्या या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, हे झोपलेत तेवढ्या दुपारच्या वेळात लिहायला बसले आहे.

मी लातूरकडची. आमच्याकडे सासूला आई म्हणतात. काळेवाडीच्या तुमच्या दोन खोल्यांत माप ओलांडून आले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला 'आई' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "आई तुझी तिकडं हाय. मला आत्याबाई म्हन." मला ते लागलं होतं. आता वाटतं, त्यात माझ्या आईची जागा तुम्ही राखली होती. पण तुमचं बोलणंच असं, की चांगली गोष्टसुद्धा डोक्यात टपली मारून सांगायची. मासवडी शिकवलीत तेव्हाही तेच. चाकणकडच्या तुमच्या माहेरचा तो पदार्थ, मी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. बेसन हाटताना मी काहीतरी विचारलं, तर म्हणालात, "बोलू नगंस. हात चालव. तोंड नंतर बी चालतंय." ओल्या फडक्यावर पीठ थापून, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून मी फडकं उचललं आणि वडी मधोमध फुटली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही ती फुटकी वडी तशीच सगळ्यांच्या ताटांत वाढलीत आणि सांगितलंत, "सुनेनं केलीया. गिळा." सासरे, हे, वन्सं, सगळ्यांनी निमूट गिळली.

तुमच्या जिभेला मी घाबरायचे, बोलण्यातल्या आणि चवीच्याही. तेलाचा डबा बदलला की पहिल्या घासाला ओळखायचात. पिठाची गिरणी बदलली तर भाकरीचा तुकडा मोडून नुसता वास घेऊन सांगायचात. काळा मसाला भाजताना मला कढईशी उभं करून म्हणायचात, "डोळ्यांनी बघू नगंस, नाकानं वळख. करपायच्या आधी त्यो सांगतो." दोन वर्षं मी शिंकत, खोकत ते शिकले. मग एका संक्रांतीला वन्संशी बोलता बोलता तुम्ही सहज म्हणालात, "हिचा मसाला आता करपत न्हाई." माझ्याकडे बघितलंही नाहीत. तेवढं एक वाक्य मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

आणि तो डबा. लेक शाळेत जायला लागली तेव्हा मला चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम मिळालं. तयार सुटे भाग मोजून बघायचे, चुकला त्याला लाल चिठ्ठी लावायची. सून कंपनीत जाणार म्हणून भावकीत कुजबुज झाली. तुम्ही पिंपरीच्या बाजारात जाऊन स्टीलचा दोन ताळी डबा घेऊन आलात. लग्नात तुमच्या घराने माझं नाव बदललं होतं आणि सगळे मला त्याच नावाने हाका मारायचे, पण झाकणावर तुम्ही कोरून आणलं होतं माझं माहेरचं नाव. मी बघतच राहिले. तुम्ही म्हणालात, "घरातलं नाव घरात. कंपनीत तुझं तू." तो डबा अजून आहे. झाकण जरा सैल झालंय.

मग तुमचं बिघडायला लागलं. 'बिघडायला लागलं' हे मी आज म्हणते. तेव्हा आम्ही म्हणायचो, आत्याबाई चाळे करतात. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून आधी वाटलं त्या दुःखात असतील. भाजीत मीठ दोनदा पडायचं. दळण टाकायला गेलात तर गिरणीत डबा ठेवून विसरून यायचात. तिथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, वय कुणाला चुकलंय! पण मग तुमच्या चपला कुणीतरी रोज बदलून ठेवायला लागलं. शेजारची बाई भिंतीला कान लावून बसायला लागली. आणि हळूहळू सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी तुमची लुगडी माहेरी धाडते. मी तुमच्याविरुद्ध पोराचे कान भरते. मी माझ्या आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईला सांगितलं. सगळ्यांनी एकाच आवाजात निदान केलं: सासू! सासू-सुनेचं असतंच, म्हणाल्या. आत्याबाई, केवढा मोठा आजार, पण या एका वाक्यात असा मावला की पुढची पाच वर्षं त्याचं टोकसुद्धा बाहेर दिसलं नाही. तुम्ही माझ्या आई असतात तर मी तुम्हाला मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं. सासू होतात, म्हणून मी सहन केलं आणि त्याचा मला अभिमानही वाटायचा. हे लिहिताना आज लाज वाटते.

एका दुपारी कंपनीत वीज नव्हती म्हणून लवकर सोडलं. मी घरी येते तर तुम्ही दारात उभ्या. "कुनाकडं आलीस?" विचारता. मी म्हणते, "आत्याबाई, मी." तुम्ही मला खालून वर न्याहाळता. "माझी सून कंपनीत गेलीया. ती आली का मग ये." मला आत येऊ देत नाही. मी पायरीवर बसते, डबा मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने तुम्हालाच दया येते, तांब्याभर पाणी आणून देता आणि शेजारी टेकता. आणि परक्या बाईशी बोलावं तशा मोकळ्या होऊन सांगायला लागता, "माझी सून लई गुनाची हाय बघ. मुलखाच्या लांबून आली, पर हात कसा! पोटच्या पोरीला जमली न्हाई अशी मासवडी करती. तोंडावर सांगत न्हाई मी. चढतंय मानसाला." मी तुमच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, काय बाई नाटकी आहे, टोमणे मारायची कुठली कुठली तऱ्हा! आयुष्यात एकदाच तुम्ही माझं तोंड भरून कौतुक केलंत, तेही मला न ओळखता, आणि मी ते टोमणा म्हणून गिळलं.

त्यानंतर यांनी तुम्हाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला माणूस होता, सर्दीपासून बाळंतपणापर्यंत सगळं बघायचा. तो म्हणाला, वय झालं की होतं, ही गोळी द्या, अर्धी दोन वेळा, शांत राहतील. तुम्ही ती गोळी तोंडात धरायचात आणि बाहेर जाऊन तुळशीत थुंकायचात. मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते सहज म्हणाले, मग जेवणात कुस्करून घाला ना. यांनीही मान डोलावली. मी वाटीच्या बुडाने अर्धी गोळी ओट्यावर चिरडायचे आणि तुमच्या रश्श्यात मिसळायचे, कारण तिखटात कडू लपतं. तुम्ही दुपारभर पेंगायला लागलात. घर शांत झालं. मला त्या शांततेची गोडी लागली होती, हेही लिहून टाकते.

पण तुमची जीभ ती तुमचीच जीभ. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तुम्ही वाटी दोन बोटांनी लांब सारलीत. "यात काय हाय?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी लिहीन, आत्ता हात धजत नाही. त्या दिवसापासून तुम्ही येईल-जाईल त्याला सांगायला लागलात की सून माझ्या जेवणात काहीतरी घालते, मला मारायला बसलीये. आणि सगळे मला धीर द्यायचे, मनावर घेऊ नकोस म्हणायचे. मी पदराने डोळे पुसायचे.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. वन्सं चाकणहून भेटायला आल्या होत्या. मासवडी केली होती. मी तुम्हाला वाढलं, तुम्ही वाटीकडे बघत बसलात आणि मग ती शेजारी बसलेल्या नातीपुढे सरकवलीत. "तू खा आधी. तू खाल्लंस तर मी खाते." लेक दहा वर्षांची, आज्ञाधारक. तिने चमचा बुडवला. आणि मी वाटी ओढली. इतक्या जोरात, की गरम रस्सा तिच्या मनगटावर सांडला आणि ती किंचाळली. तुम्ही नुसत्या वन्संकडे बघितलंत, बघ, म्हटल्यासारखं. वन्संनी लेकीचा हात गार पाण्याखाली धरला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "वैनी, वाटी का वढली?" मी म्हणाले, गरम होती. "मग ठेव हिच्या डोक्यावर हात आन सांग, आईच्या जेवनात काय घालत न्हाईस म्हनून." नुकतीच न्हायली होती पोर, केस ओले होते. मी त्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिच्या गळ्याची शपथ, मी काही घालत नाही."

गोळी घालते, डॉक्टरांनी सांगितली म्हणून घालते, एवढं म्हणायला काय हरकत होती? कित्येकदा विचार केला मी. पण पाच वर्षं जी बाई खोटा आळ सोसणारी म्हणून मिरवली, तिला एकदम 'हो, घालते' म्हणणं जमलं नाही. आणि वन्संचा विश्वास बसला नाहीच. त्या संध्याकाळी त्यांनी तुमचं गाठोडं बांधलं आणि तुम्हाला चाकणला घेऊन गेल्या. यांनी अडवलं नाही, मीही नाही. तुम्ही रिक्षात बसताना मला म्हणालात, "सून आली का सांग तिला, मी लेकीकडं गेले." तीन वर्षं तुम्ही तिथे होतात. मी एकदाही आले नाही. मानपान मध्ये आलं. आले ती तुम्हाला शेवटचं न्हाऊ घालायला, आणि त्यानंतर वन्संनी आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही.

आता यांचं सांगते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं बरे होते. मग हे किल्ल्या, चष्मा विसरायला लागले. मग वॉचमन आपल्या गाडीतलं पेट्रोल काढतो म्हणायला लागले, सेक्रेटरी आपली पत्रं फोडतो म्हणायला लागले. त्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार जणांनी यांना पाठिंबाच दिला. अहो, मीटिंगमध्ये सगळेच सगळ्यांवर संशय घेतात, तिथे आजारी माणूस ओळखू कसा येणार! वरणाची वाटी सारली तेव्हा मला ओळखू आलं. लेकीने रजा काढली आणि आम्ही यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई आहेत, लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. तपासण्या झाल्या, अल्झायमर म्हणाल्या. मग फाइल उघडून त्यांनी विचारलं, "यांच्या कुटुंबात आणखी कुणाला असा विसराळूपणा, आणि त्याबरोबर संशय, भास, माणसं बदलली आहेत असं वाटणं?"

मी म्हणाले, "नाही. कुणालाच नाही."

लेक शेजारी बसली होती. ती उजव्या हाताने डाव्या मनगटावरून बोट फिरवत राहिली, जिथे तिचा तो पुसट डाग आहे. घरी आल्यावर म्हणाली, "आई, आजीला होतं की हे सगळं. तू 'नाही' का म्हणालीस?" मी म्हटलं, आजीचं वेगळं होतं. ती म्हणाली, "काय वेगळं होतं? मला आठवतंय सगळं. तू वाटी ओढलीस तेही आठवतंय." दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमधून तिने फोन केला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आजी, मग बाबा. मग मी का, आई?"

तेव्हा मला कळलं की मी 'नाही' का म्हणाले. अर्धी लाज होती आणि अर्धी भीती. सून म्हणून मी निर्दोष ठरणार होते, आत्याबाई! तुमचा संशय आजाराचा होता, माझ्यावरचा आळ आजाराचा होता, हे आता डॉक्टर लिहून द्यायला तयार होत्या. ज्या गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं रडले ती समोर आली होती, आणि मला ती नको होती. तुम्ही नुसत्या खाष्ट सासू असतात तर किती बरं झालं असतं. खाष्टपणा नातीच्या रक्तात उतरत नाही. आणि त्याच्याही तळाशी ती शपथ. शिकलेली बाई मी, आयुष्यभर मोजून-मापून भाग पास-नापास केलेली, पण रोज अंघोळ करताना मनात यायचं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले, ते आता फिरून येतंय.

शेवटी वन्संना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "ये." मी बसने चाकणला गेले. त्यांच्या शेतावर आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत, कंपन्यांतली पोरं राहतात. वन्सं थकल्यात, गुडघे गेलेत. चहा ठेवला आणि समोर बसल्या. मी आधी यांचं सांगितलं, डॉक्टरांनी काय विचारलं तेही. मग डोळे मिटून म्हणाले, "वन्सं, त्या दिवशी मी खोटी शपथ घेतली. रश्श्यात गोळी होती." चहा उतू गेला तरी त्या उठल्या नाहीत. मला वाटलं आता हाकलतील. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "म्हंजे आईला चव बरुबर लागली व्हती."

आणि रडायलाच लागल्या. मग त्यांचं ऐकलं. आत्याबाई, तुम्ही लेकीवरही तोच आळ घेतलात. वर्षभराच्या आत. वन्सं घालतात, जावई घालतो. "मी कुनाला सांगू वैनी? तुला खोटी पाडून आईला आनली व्हती. आता माझ्यावर बी तेच म्हनती, हे कुठल्या तोंडानं सांगू? बिस्किटाचा पुडा तिच्यापुढं फोडायचा, तवा खायाची. शेवटचं वरीस बिस्किटावर काढलं तिनं." आणि तुमच्या भावाचंही निघालं. मामा म्हातारपणी दाराला आतून तीन कड्या लावून बसायचे, भावकीने सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणायचे, मेलेला चुलता बांधावर उभा दिसतो म्हणायचे. चुलत्याचं सोडलं तर बाकी सगळं लोकांनी खरं मानलं. एमआयडीसी आली, जमिनींना सोन्याचं मोल आलं, त्या दिवसांत भावकीवर संशय न घेणारा माणूसच इथे खुळा ठरला असता. एकाच घरातली दोन माणसं. एकाचा आजार सातबाऱ्यात लपला आणि दुसरीचा सासुरवासात.

निघताना वन्सं ओट्यापर्यंत आल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "रोज सांजच्याला हितंच बसायची आई. कंपन्यांच्या बसा बघत. म्हनायची, माझी सून येती यातनं, डबा घिऊन. मी म्हनायची, आगं ती न्हाई येनार हितं. पर न्हाई, बसायचीच." आत्याबाई, माझी बस त्याच रस्त्याने जायची. तीन वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून रोज, त्याच वेळेला. मी खिडकीशी बसायचे, पण तुमच्या लेकीचं घर येतं त्या वळणावर मी मान दुसरीकडे फिरवायचे. मी मुद्दाम फिरवायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुमचं, मामांचं, गोळीचंही. वन्संही आल्या होत्या, काठी टेकत. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं. म्हणाल्या, विसरण्याचा आजार ही एक गोष्ट आणि त्यात येणारे संशय-भास ही दुसरी. हा आजार झालेल्या सगळ्यांनाच संशय येत नाहीत. पण ज्यांना येतात त्यांच्या घरात पुष्कळदा आधीही कुणाला तरी आलेले असतात, म्हणून त्यात वारशाचा काही भाग आहे असं दिसतं. लेकीने विचारलं, "म्हणजे एखादं जनुक आहे का? तपासून कळेल मला?" त्या म्हणाल्या, "एकच असं नाही. बरीच आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. सगळी अजून ओळखूही आलेली नाहीत. तुम्हाला होईल की नाही हे आज कुठलीही तपासणी खात्रीने सांगू शकत नाही. वारसा म्हणजे शक्यता, शिक्का नव्हे." मला काळा मसाला आठवला. त्यातला कुठला जिन्नस घशाला लागला, हे खाऊन सांगता येतं का कुणाला? मग असं विचारायचं तरी कशाला, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, "पुढे काय येऊ शकतं ते आधी कळतं. औषध जपून निवडता येतं. आणि घरच्यांना सांगता येतं, की हे माणूस बोलत नाहीये, आजार बोलतोय." तेवढं एक वाक्य कुणी मला वीस-बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. जेवणात लपवून गोळी देऊ नका, असंही बजावलं त्यांनी. विश्वास एकदा गेला की अन्नही जातं, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर लेकीला शपथेचं सांगितलं. ती भर व्हरांड्यात हसली. "आई, खोट्या शपथेने आजार लागत असता, तर हिंजवडीतल्या एकाही मॅनेजरची पोरं धड राहिली नसती." वन्संना मॅनेजर कोण ते कळलं नाही, पण त्याही हसल्या. मग लेकीने तिचं मनगट माझ्या हातात दिलं आणि पार्किंगपर्यंत तसंच राहू दिलं. तिला भीती वाटत नाही असं नाही. मलाही वाटते. पण आता आम्ही ती एकमेकींपासून लपवत नाही.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. मी गोळी उघडी बशीत ठेवली, पाण्याचा पेला ठेवला आणि यांना म्हटलं, "ही डॉक्टरांनी दिलेली गोळी आहे." यांनी मला नीट पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, "बाई, आपण कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "नाही. मी बायकोला विचारल्याशिवाय काही घेत नाही." पूर्वीची मी असते तर आधार कार्ड आणून दाखवलं असतं. पण तुमच्या पायरीवर बसून ऐकलेलं आठवलं. मी स्वयंपाकघरात गेले, भिंतीच्या आडून नेहमीसारखी ओरडले, "अहो, घ्या ती गोळी, किती वेळ झाला!" आणि बाहेरून आवाज आला, "घेतो गं, घेतो. ओरडू नकोस." पेला ठेवल्याचं ऐकू आलं. चेहरा हरवला होता, आवाज सापडला. मी नळ सोडून रडून घेतलं, आणि पहिला विचार तुमचा आला. त्या दुपारी काळेवाडीत मी पायरीवरून उठून मागच्या दाराने आत गेले असते आणि मोरीतून नुसतं "आत्याबाई, आले हो" म्हटलं असतं, तर तुमची सून तुम्हाला तिथेच भेटली असती.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि पाठवायचंही नाही. तुम्ही आणलेल्या त्या डब्याच्या वरच्या ताळीत ठेवीन. पण मघाशी एक उत्तर लिहायचं राहिलं होतं. तुम्ही वाटी लांब सारून "यात काय हाय?" विचारलंत, तेव्हा मी म्हणाले होते, "काही नाही आत्याबाई, मसाला जरा करपला असेल." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुझा?" त्यावर मी होकाराची मान हलवली होती. डॉक्टरांना, वन्संना, लेकीला सगळं सांगून झालं, पण हे ज्यांना सांगायचं त्यांना सांगायचं राहिलं.

आत्याबाई, मसाला करपला नव्हता.